न आलेल्या पाहुण्यांचं रजिस्टर

आधी माझी चूक सांगून टाकतो, म्हणजे पुढे स्वागतताईंबद्दल मोकळेपणानं बोलता येईल. चूक एका वाक्याची होती. सहा वर्षांपूर्वी मी ते उभ्याउभ्या, डोक्यात भलतेच विचार चालू असताना बोलून गेलो. त्यापायी एके दिवशी शहरातल्या पाच प्रतिष्ठित माणसांना पिवळ्या टोप्या घालून, जमीनच नसलेल्या खोल्यांच्या दारात उभं राहून, तिथे राहून गेलेल्या पाहुण्यांचे अभिप्राय ऐकावे लागले.

मी नगरपालिकेच्या जुन्या इमारतींच्या समितीचा कारकून. शंभरी ओलांडलेल्या इमारतीच्या खिडकीला साधा रंग द्यायचा म्हटलं तरी फाइल माझ्या टेबलावरून जाते. त्यातली सगळ्यात लठ्ठ फाइल चौकातल्या दोन इमारतींची. एक जुनं तारघर आणि दुसरी त्याला खेटून उभी असलेली विमा कंपनीची कचेरी. दोन्ही जोडून बेचाळीस खोल्यांचं हॉटेल करायचं, असा एका मालकाचा बेत. समितीनं दोन वर्षांची परवानगी दिली. तेवढ्यात काम झालं नाही तर मुदतवाढ मागायची, आणि मुदतवाढ नाकारली गेली तर सगळं रद्द. मग इमारतींना कुलूप, आत कबुतरं आणि बाहेर आमचीच गंजकी पाटी.

मालक भलताच उत्साही. परवानगीचा कागद हातात पडला त्याच आठवड्यात त्यानं आचारी नेमला आणि स्वागतकक्षात बसायला ताईंना नेमलं. चौकटीला दार नव्हतं, पण स्वागत तयार. पुढे मोजणी झाली तेव्हा कळलं की तारघराचा दुसरा मजला विमा कचेरीच्या दुसऱ्या मजल्यापेक्षा दीड फूट उंच आहे. जोडायचं तर मध्ये तीन पायऱ्या हव्यात. अग्निशमनवाले म्हणाले, वाटेत पायऱ्या चालणार नाहीत. आमची समिती म्हणाली, जुन्या फरशीला हात लावू देणार नाही. या तीन पायऱ्यांनी एक अख्खी मुदत खाल्ली. दुसरी मुदत लाकडी जिन्याच्या वाळवीनं खाल्ली, तिसरी पुन्हा त्याच पायऱ्यांनी. आचारी सहाव्या महिन्यात कंटाळून निघून गेला. ताई राहिल्या, कारण परवानगीतली अट क्रमांक अकरा सांगते की जागेवर रोज एक जबाबदार माणूस हजर असावा आणि त्यानं रोजची नोंद ठेवावी.

ताईंचं वय तेव्हा एक्कावन्न. तरुणपणी त्या याच तारघरात खिडकीमागे बसून लोकांच्या तारा घ्यायच्या. तारा बंद झाल्या, ताई घरी बसल्या, मुलं मोठी झाली आणि मग एकदम हे हॉटेल. परवानगी यायच्या आधीच मालकानं त्यांना तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाला पाठवलं होतं. तिथून त्या निळी साडी, छातीवर लावायचा बिल्ला आणि एक वाक्य घेऊन आल्या. 'आपलं मनःपूर्वक स्वागत आहे, प्रवास कसा झाला?' हे ते वाक्य. हे म्हणताना मान किती कलवायची, 'प्रवास' या शब्दावर किती थांबायचं, सगळं त्यांना पाठ. घरी मात्र त्यांचे मिस्टर, म्हणजे निवृत्त बस कंडक्टर, त्यांना सरळ 'हॉटेल' म्हणायचे. हॉटेल, डबा भरला का? हॉटेल, माझा चष्मा कुठे आहे?

ते वाक्य ताईंनी सहा वर्षांत एकाही जिवंत माणसाला ऐकवलं नव्हतं. गवंडी यायचे, सुतार यायचे, मालक वर्षातून दोनदा यायचा. त्यांना 'चपला तिकडे काढा' एवढंच. मी एकदा गमतीनं म्हटलं, ताई, माझं तरी करा की स्वागत. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी लहान मुलाच्या खाऊला हात घातलाय.

"ते पाहुण्यासाठी आहे, भाऊसाहेब," त्या म्हणाल्या. "पहिला पाहुणा येईल त्याच्यासाठी. साठीला मला निवृत्त करतील. त्याआधी एकदा म्हणायला मिळालं म्हणजे झालं. एकदाच."

मी हसलो, पण घरी जाताना ते 'एकदाच' कानातून जाईना. माणसं आयुष्यभर काय काय मागतात, आणि या बाईला फक्त एक वाक्य पूर्ण करायचं होतं.

आता चूक. दर बुधवारी दुपारी मी तिकडे तपासणीला जातो. पहिल्याच महिन्यात गेलो तर काउंटरवरचं रजिस्टर कोरं. ताईंना विचारलं तर म्हणाल्या, लिहू काय? कुणी आलंच नाही. आमच्या कचेरीत कोरं रजिस्टर म्हणजे मेलेलं काम. मी सरकारी सुरात बजावलं की ताई, कोरं पान दिसलं तर समिती फाइल बंद करेल, तेव्हा रोज काहीतरी भरत जा. मला म्हणायचं होतं की आज वाळू आली, आज गवंडी दोन आले, असं लिहा. पण ताईंसमोर मालकानं छापून आणलेलं पाहुण्यांचं रजिस्टर होतं. त्यात रकाने नाव, खोली क्रमांक, आगमन, निर्गमन आणि अभिप्राय. वाळूनं अभिप्राय काय द्यायचा?

ताईंनी रकाने भरायला सुरुवात केली. मी दर बुधवारी पान भरलेलं बघायचो, खाली सही ठोकायचो आणि न वाचता उठायचो. सहा वर्षं हे असंच चाललं. सरकारी कारकून भरलेलं पान कधी वाचत नाही, कोरं मात्र डोळे फाडून बघतो.

तिसऱ्या मुदतवाढीचा अर्ज आला आणि समितीवर नवा तपासनीस आला. तरतरीत, इस्त्रीचा शर्ट, खिशाला सहा टाचण्या. त्याला दिसेल तो कागद दुसऱ्या कागदाला टोचायची सवय, म्हणून आम्ही त्याचं नाव टाचणी ठेवलं होतं. टाचणी रजिस्टर उचलून घेऊन गेला आणि त्यानं ते वाचलं. सहा वर्षांत ते वाचणारा तो पहिलाच माणूस.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर त्याचा अहवाल होता. हॉटेल परवानगी पूर्ण होण्याआधीच बेकायदा सुरू आहे. सहा वर्षांत एकूण बाराशे बत्तीस पाहुणे राहून गेले. प्रत्येक पानाखाली समितीच्या कारकुनाची सही आहे. मुदतवाढ नाकारावी. पाणी प्यायला उठलो आणि दुसऱ्याचाच पेला पिऊन आलो.

सुनावणी मंगळवारी अकराला होती. अध्यक्षबाई म्हणजे शहाहत्तर वर्षांच्या, एकेकाळच्या नावाजलेल्या वास्तुविशारद. ऐकायला कमी येत नाही, पण न आवडलेलं ऐकू न आल्यासारखं करतात. त्यांच्याशेजारी अग्निशमनचे प्रमुख, प्रचंड देहाचे, आणि आणखी तीन सदस्य. समोर ताई, निळी साडी, बिल्ला. मागच्या बाकावर त्यांचे मिस्टर डबा मांडीवर घेऊन बसलेले. मालक नेहमीप्रमाणे परगावी.

टाचणीनं आरोप वाचले. अध्यक्षबाईंनी ताईंना विचारलं, हे पाहुणे खरे का? ताई म्हणाल्या, एकही नाही. भाऊसाहेबांनी भरायला सांगितलं म्हणून भरले. पाची जणांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीतून बाहेर बघू लागलो, बाहेर भिंत होती. अध्यक्षबाई म्हणाल्या, तुम्हीच वाचून दाखवा बघू चार नोंदी.

ताईंनी चष्मा लावला आणि प्रशिक्षणात शिकवलेल्या आवाजात वाचायला घेतलं. खोली चौदा, आमच्या गल्लीतले शिंपी, दोन दिवस, अभिप्राय: पडद्याची शिलाई वाकडी आहे, पण मी कुणाला बोलणार नाही. खोली तीस, माझी मोठी जाऊ, चौदा दिवस, अभिप्राय: शेजारी पाण्याचा पंप आहे, झोप लागत नाही. त्यापुढे लाल शाईत ताईंचा शेरा होता, 'दुसरी खोली शिल्लक नाही असे सांगितले.' अग्निशमनच्या प्रमुखांनी विचारलं, त्या दिवशी बाकी खोल्या भरलेल्या होत्या का? ताई म्हणाल्या, छे, एकेचाळीस रिकाम्या होत्या.

प्रमुखांच्या खुर्चीतून कुर्रर्र असा आवाज आला. ते हसू दाबत होते.

मग आले मिस्टर. खोली सात, एक निवृत्त कंडक्टर, अभिप्राय काही नाही, शेरा: ओला टॉवेल गादीवर टाकला, समज दिली. पुढच्या आठवड्यात पुन्हा खोली सात, पुन्हा टॉवेल, लेखी समज. तिसऱ्या आठवड्यात 'खोली सोडण्यास सांगितले.' चौथ्यात 'गयावया केल्यामुळे परत घेतले.' मागच्या बाकावरून डब्याचं झाकण वाजलं. मिस्टरांचा चेहरा लालबुंद झाला होता. हे सगळं घरातलं आहे, ते हळूच शेजारच्याला म्हणाले, एवढं काही खोटं नाही.

एका सदस्यानं तोंडावर फाइल धरली. त्यानंतर ताईंनी गेल्या महिन्यातली नोंद वाचली. खोली सत्तावीस, समितीचे नवे तपासनीस, एक रात्र, अभिप्राय: तक्रार करण्यासारखं काही सापडलं नाही अशी तक्रार.

पाहुणे मोजण्याच्या नादात ही ओळ त्याच्या नजरेतून निसटली होती; टाचणी ताडकन उठला. आपण तिथे एक रात्रच काय, एक क्षणही झोपलो नाही, असं त्यानं ठासून सांगितलं. अध्यक्षबाईंनी गोड आवाजात विचारलं की म्हणजे ही नोंद खोटी? साफ खोटी, तो म्हणाला. आणि बाकीच्या खऱ्या? टाचणीनं एक टाचणी काढून उगीचच कशाला तरी टोचली. पण गडी चिवट होता. तो म्हणाला की एक नोंद खोटी निघाली म्हणून बाराशे एकतीस खोट्या ठरत नाहीत, जागेवर जाऊन बघायला हवं. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. जाणं भाग पडलं.

आणि अशी ती वरात निघाली. पिवळ्या टोप्या घातलेले पाच जण, टाचणी, रजिस्टर छातीशी धरलेल्या ताई, मी आणि डबा घेतलेले मिस्टर. तीन पायऱ्यांपाशी अग्निशमनच्या प्रमुखांनी त्या पायऱ्यांकडे जुन्या वैऱ्याकडे बघावं तसं बघितलं. खोली चौदाचं दार उघडलं. आत पडदा नव्हता, खिडकी नव्हती, खिडकीच्या जागी पत्रा होता. ताईंनी शांतपणे वाचलं, पडद्याची शिलाई वाकडी आहे. खोली तीस उघडली. आत जमीन नव्हती, चार तुळया होत्या आणि खाली तारघराचं तारा घ्यायचं जुनं दालन दिसत होतं. ताई वाचत होत्या, चौदा दिवस, झोप लागत नाही. प्रमुखांनी खाली डोकावून बघितलं आणि म्हणाले, कशी लागेल?

तिथे सगळ्यांचा बांध फुटला. अध्यक्षबाई दाराची चौकट धरून हसत होत्या, एक सदस्य भिंतीला टेकून बसला, त्याच्या पँटीला चुना लागला आणि ते बघून दुसरा हसू लागला. पुढे कोण दार उघडतो याची चढाओढ लागली. खोली छत्तीसमध्ये एक रोपटं उगवलं होतं, आणि रजिस्टर म्हणत होतं, 'हवा खेळती आहे.' सत्तावीसमध्ये टाचणीलाच आधी पाठवलं, कारण खोली त्याची. आत कबुतराचं घरटं, त्यात दोन अंडी. टाचणीसुद्धा हसला. मी पाहिलं, एकदा हसला आणि लगेच गंभीर झाला.

मी मात्र मागे मागे राहू लागलो, कारण पुढची खोली नऊ नंबरची होती.

खोली नऊ ही नमुन्याची. दोन वर्षांपूर्वी मालकानं फोटो काढण्यापुरती ती पूर्ण करून घेतली होती. पलंग, गादी, दोन उशा, दिवा, पडदे. गादीवरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं, असं फाइलीत लिहिलं होतं. ते मीच लिहिलं होतं. टाचणीनं दार उघडलं. प्लास्टिक पायथ्याशी व्यवस्थित घडी करून ठेवलेलं होतं. एका उशीत डोक्याएवढा खळगा, आणि खळग्यात तेलाचा गोल डाग.

हसणं जागच्या जागी थांबलं. टाचणीनं त्या डागाकडे बोट दाखवलं. अध्यक्षबाईंनी ताईंना विचारलं की इथे कोण झोपतं. ताईंनी रजिस्टर घट्ट धरलं. एकदा माझ्याकडे बघितलं, मग खाली.

"ते मी सांगणार नाही," त्या म्हणाल्या.

अध्यक्षबाई म्हणाल्या की तुम्ही नाही सांगितलं, तर इथे पाहुणा राहिला असं समितीला धरावं लागेल. मुदतवाढ गेलीच समजा. ताईंचा रंग उडाला. त्यांचं ते 'एकदाच' त्या क्षणी माझ्यासमोर उभं होतं, निळ्या साडीत, ओठ मिटून. बाई माझ्यासाठी आपलं वाक्य सोडायला निघाली होती. मला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती. माझ्याही डोक्यावर पिवळी टोपी होती, ती मी काढली. आमची ही रोज सकाळी माझ्या डोक्यावर वाटीभर तेल थापते, ते सगळ्यांना दिसलं.

"मी झोपतो," मी म्हणालो. "दर बुधवारी, जेवणानंतर, दीड ते अडीच."

मग माझ्या तोंडून सगळं भडाभडा बाहेर पडलं, की गादी फार मऊ आहे, पडदे ओढले की चौकाचा आवाज येत नाही, ताई अडीचला दार वाजवतात. टाचणीनं ताईंना विचारलं, मग हा पाहुणा रजिस्टरात का नाही? बाराशे खोटे लिहिलेत आणि एक खरा तेवढा गाळलात?

ताईंना प्रश्नच कळला नाही. त्या म्हणाल्या की खरा माणूस लिहायला अजून परवानगी कुठे मिळाली आहे?

पहिल्यांदा प्रमुख फुटले. त्यांच्या हसण्यानं दिव्याचे लोलक किणकिणले. अध्यक्षबाई थेट पलंगावर बसल्या, डोळे पुसले, गादीवर दोनदा हलकेच उडून बघितलं आणि मला विचारलं, भाडं दिलं होतं? नाही. जेवण? घरचा डबा. चहा? तोही थर्मासमध्ये घरूनच. मग त्यांनी तिथेच, गादीवर बसून, निकाल सांगितला. हा पाहुणा नाही, ही कारकुनाची डुलकी आहे, आणि डुलकीला परवानगीची गरज नसते. मुदतवाढ मंजूर, दोन वर्षं. तीन पायऱ्या राहतील, पण दोन्ही बाजूंना कठडा लावायचा. प्रमुखांनी मान डोलावली. सहा वर्षं अडलेल्या त्या पायऱ्या एका हसण्यात सुटल्या. आणि एक नवी अट वाढली, ती आजही फाइलीत आहे. अट क्रमांक बारा: समितीच्या कारकुनाने खोली क्रमांक नऊमध्ये झोपू नये.

मिस्टरांनी खाली उतरताना डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, भाऊसाहेब, अर्धा तुमचा. मी जिन्यातच बसून खाल्ला. आनंद झाला की मला भूक लागते.

सगळे गेले, पण अध्यक्षबाई काउंटरपाशी थांबल्या. त्यांनी रजिस्टर ओढून घेतलं, ताईंच्या हातातलं पेन घेतलं आणि नव्या ओळीवर स्वतःच्या हातानं स्वतःचं नाव लिहिलं. त्या रजिस्टरात ताईंखेरीज दुसऱ्या कुणाचं अक्षर पहिल्यांदाच उमटत होतं. खोलीपुढे त्यांनी नऊ लिहिलं. आगमनाच्या रकान्यात मुदत संपते त्याच्या आदल्या दिवसाची तारीख लिहिली.

"मालकाला दाखवा ही तारीख," त्या म्हणाल्या. "तोवर मी अठ्ठ्याहत्तर होईन. त्यापुढे तीन पायऱ्या काही मी चढणार नाही."

मग त्या तशाच उभ्या राहिल्या. वाक्याची गोष्ट त्यांना मी येताना सांगितली होती, त्यामुळे त्या कशाची वाट बघतायत हे मला माहीत होतं. ताईंनाही कळलं. त्यांनी बिल्ला सरळ केला. मान कलवायला घेतली. ओठ हलले.

"आज नाही, बाई," ताई म्हणाल्या. "तुमचं आगमन दोन वर्षांनी आहे."

अध्यक्षबाईंनी मान डोलावली, अगदी आज्ञाधारक मुलीसारखी, आणि निघून गेल्या. ताई स्टुलावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसत होत्या की रडत होत्या, ते त्यांचं त्यांनाच माहीत. मिस्टर म्हणत राहिले, हॉटेल, अगं हॉटेल, पाणी पी.

त्या दिवसापासून ताईंनी शिंप्याला, जावेला, मिस्टरांना, कुणालाच खोली दिलेली नाही. अध्यक्षबाईंच्या नावाखाली पट्टीनं एक रेघ मारली आहे आणि पुढची पानं कोरी आहेत. वर सुतारांची ठाकठूक चालू असते, तिसाव्या खोलीला जमीन आली आहे, सत्ताविसातली कबुतरं पिल्लं घेऊन उडून गेली. मी दर बुधवारी जातो. दीड वाजता डोळे मिटायला लागतात, तेव्हा काउंटरपाशी उभा राहतो आणि कोऱ्या पानाखाली सही करतो.

परवा टाचणी बरोबर होता. त्यानं पानं उलटून बघितली आणि सवयीनं विचारलं, हे कोरं का?

मी म्हटलं, पाहुण्या यायच्या आहेत.